मैनाच्या वाटचे लाडू

खिशात टाकायचा होता ना गा मामा लाडू. तोंडातच काहून टाकायचा?

किती वर्षं भांडलो आपण यावरून. तू गेला, तरी माझं भांडण संपत नाही.

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. हुडकेश्वरचा माझा मामा. बारातीत नाचणारी घोडी होती त्याची, मैना. बँड सुरू झाला की नवरदेवाकडे कोणी पाहत नव्हतं.

दर बारातीत कोणी ना कोणी लाडू घेऊन यायचा. घोडीले गोड चारलं की शुभ असते म्हणे.

मामा कोणाले नाही म्हणायचा नाही. "द्या इकडं, मीच चारतो. अनोळखी हाताले चावते."

मग मैनाच्या मानेआड जायचा अन् लाडू स्वतःच खायचा.

पाहुणे खुश.
मैना उपाशी.
अन् मामाले शुगर.

"मामा, खाऊ दे ना तिले. एका लाडवानं काय होते?"

"बारातीत एकच माणूस असते का बे? घोडीचं पोट बिघडलं की आग खुरात उतरते, पाय टेकवता येत नाही. मंग तिच्या जागी तू नाचशीन?"

"मंग फेकून दे."

"लग्नातलं अन्न फेकतेत का?"

धंतोलीच्या दवाखान्यात आधी मामाच्या पायाचा अंगठा काढला. मग अर्धा पाय. शुद्धीवर आला अन् मामीले पहिलं काय विचारलं? "मैनाचे खुर पाहिले का आज?"

मैनाचे चारही पाय टनाटन. मालकाचाच गेला. मग मालकही.

मी दुबईत. इथं उड्या मारणारे घोडे सांभाळतो. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणे कॉम्पिटिशन झाल्यावर जा. मातीले नाही आलो, तेरवीलेही नाही.

परवाच्या तेरवीचे फोटो तुम्हीच या ग्रुपवर टाकले. मैनाच्या तोंडात पुरी. मैनाच्या तोंडात बुंदी. खाली लिहिलं, मामाची लाडकी.

मायेनं चारलं, मले समजते. कोणावर राग नाही.

आहे. थोडा आहे.

मानेआड जाऊन खाणारा कोणी उरला नव्हता ना.

आज व्हिडीओ कॉल केला तर मैना मागं रेलून उभी. पुढचे पाय टेकवेना.

"मामी, खुराले हात लाव."

"पोळते गा बाबू."

डॉक्टर येऊन गेले. दाणा बंद, नुसतं वाळलं गवत. खुरांवर बर्फाचं पाणी, खाली जाड रेती. हा सीझन नाचणं नाही. पुढचं पुढं पाहू म्हणाले.

अन् पारशिवनीचा एक जण तिले विकत मागून राहिला. इंजेक्शन देऊन नाचवून घेतो म्हणते.

मामी म्हणे, "सीझनभर बसून राहिली तर तिले काय चारू? मी काय खाऊ? उद्या टेम्पो घेऊन येते तो."

मामी, टेम्पो रिकामा वापस पाठव.

मामा, तू आराम कर आता. तिकडं कोणी लाडू दिला तर खा बिनधास्त. तिकडं शुगर नसते म्हणे.

पुढच्या महिन्यात येऊन राहिलो होतो मी. आता नाही येत. तिकिटाचे पैसे ठेवले होते, ते मामीच्या खात्यात टाकून राहिलो.

बावीस हजार.