घरटी वीस माणसं

आमच्या साडूंनी आयुष्यात ज्या ज्या गोष्टीचा अंदाज बांधला, ती गोष्ट मुद्दाम उलटी वागली आहे. मखमलाबादच्या बाजूला त्यांची फुलशेती आहे, आणि दसऱ्याला झेंडू किती खपेल हे महिना-दोन महिने आधी ओळखल्याशिवाय फुलशेतीवाल्याचं भागत नाही. साडू दरवर्षी ओळखतात आणि दरवर्षी चुकतात. एका वर्षी "औंदा लोकांकडं पैसाच नाय" म्हणून त्यांनी झेंडू कमी लावला, तर मागणी अशी आली की त्यांच्या स्वतःच्या दाराला नुसत्या आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. पुढच्या वर्षी बांधापर्यंत झेंडू लावला, तर सगळ्या पंचक्रोशीने तेच केलेलं. उरलेल्या फुलांच्या माळा त्यांनी म्हशीला घातल्या, मोटारपंपाला घातल्या, आणि मी आपला सहज भेटायला गेलो होतो तर माझ्या जुन्या स्कूटरलाही घातल्या. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीत शिरलो तेव्हा वॉचमन पेढे मागायला लागला.

अशा माणसाने अमेरिकेतली हेवीवेट बॉक्सिंगची लढत किती घरं पैसे भरून बघतील याचा अंदाज सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी गोंधळलो, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता सावरलेलो नाही. मुळात तो प्रकारच माझ्या डोक्यावरून जातो. "टीव्ही घरचा, लाईट घरची, आन् वर त्या एका मॅचला तिकीट," असं त्यांनी मला समजावलं. मी विचारलं, "मग जिंकणार कोण?" त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी लग्नात जाऊन मुहूर्त चुकीचा आहे म्हणालो. "साडूभाऊ, जिंकंल कोणी बी. आपल्याला खपाशी मतलब!"

आता हे वेड आलं कुठून, ते सांगायला हवं. साडूंचा एकुलता एक मुलगा शिकागोला अशा लढती टीव्हीवर विकणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि लढतीआधी किती घरं तिकीट काढतील याचा आडाखा बांधणं हेच त्याचं काम. तो जाऊन काही वर्षं झाली. पहिली दोन वर्षं बापलेकांचा फोन म्हणजे "जेवलास का?", "जेवलो", "थंडी हाय का?", "आहे", एवढाच. मग फोन आक्कांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीकडे जायचा. साडू बाजूला उभे राहून आक्कांच्या तोंडाकडे बघत बसायचे. एक दिवस पोराने आपल्या कामाचं काहीतरी सांगितलं आणि साडू एकदम ओरडले, "अरे, म्हंजी दसऱ्याचा झेंडूच की रं ह्यो!" त्या दिवशी बापलेक इतकं बोलले की आक्कांची भाकरी तव्यावर करपली. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या लढतीआधी मुलगा विचारायचा, "बाबा, तुमचा अंदाज?" आणि साडू कामाला लागायचे.

कामाला लागणं म्हणजे दिसेल त्याला धरून विचारणं. न्हाव्याला विचारलं, त्याने साडूंची अर्धी मिशी होईपर्यंत विचार केला आणि म्हणाला, "फुकटात आसंल तर बघू." मनमाडला एका लग्नात आहेराचं पाकीट देता देता त्यांनी नवरदेवाचा हात धरून विचारलं, "दोन माणसं एकमेकाला मारणार हायती. पैसे भरून बघाल का?" नवरदेवाने नवरीकडे पाहिलं, नवरीने सासूकडे पाहिलं, आणि शूटिंगवाल्याने ते सगळं टिपून घेतलं. मी म्हटलं, "अहो, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं मन मनमाडच्या नवरदेवाला काय कळणार?" "गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक," साडू म्हणाले. आणि ते नवरदेवाच्या मामाकडे वळले.

लढवय्यांच्या फोटोंचा अभ्यास तर ते पत्रिका बघावी तसा करायचे. दोघांची नावं त्यांच्या जिभेला वळत नसत, म्हणून दर वेळी एक टकल्या आणि एक दाढीवाला. लढतीआधी दोघे नाकाला नाक लावून उभे राहतात, तो फोटो डोळ्यांजवळ धरून ते म्हणायचे, "भांडण खरं नाय हे. टकल्या हसू दाबतोय. खप पडणार." प्रत्यक्ष लढत मात्र त्यांनी कधीच पाहिली नव्हती. कोंबडं कापतानासुद्धा गोठ्यात जाऊन बसणारा हा माणूस. एकदा मी मोबाईलवर जुनी लढत दाखवायला गेलो, तर पहिल्याच ठोशाला त्यांनी उपरणं डोळ्यांवर ओढलं आणि आतून विचारलं, "लय लागलं का हो त्याला?"

आणि या साऱ्या खटाटोपाच्या शेवटी ते आलेल्या आकड्याला वीसने भागायचे. हा त्यांचा खास नियम. त्यांच्या लहानपणी वस्तीवर पहिला टीव्ही आला, तेव्हा एका घरात सगळी वस्ती बसायची, खिडकीत पोरं, ओट्यावर म्हातारे, आणि घरची बाई सगळ्यांना चहा करून करून टीव्हीच्या नावाने बोटं मोडायची. "घरटी वीस माणसं धरायची," साडू म्हणायचे. "एकानं तिकीट काढलं की बाकीचे कशाला काढत्यात? त्यांना काय येड लागलंय?" त्यामुळे त्यांचा अंदाज दर वेळी इतका कमी निघायचा की सुरुवातीला मुलगा पोट धरून हसायचा. पण हसण्यालाही मर्यादा असते. हळूहळू तो नुसतं "बरं बाबा" म्हणायला लागला, आणि एका लढतीला तर त्याने विचारलंच नाही. साडूंनी ते कोणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी फोनवर पुन्हा थंडीची चौकशी केली, हे आक्कांनी माझ्या बायकोला सांगितलं.

म्हणून या वर्षीच्या मोठ्या लढतीची त्यांनी फारच धास्ती घेतली होती. "साडूभाऊ, या टायमाला चुकलो ना, तर पोरगं परत 'जेवलो'वर येणार," असं ते मला म्हणाले, आणि मी पहिल्यांदाच त्यांची थट्टा केली नाही. लढत आपल्याकडच्या रविवारी सकाळी होती. शनिवारी संध्याकाळी आम्ही जेवायला त्यांच्याकडेच होतो, तेव्हा त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. साडू अंदाज सांगणार, एवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं किती जण येणार हायती बघायला?"

"माझ्याकडे? कोणी नाही."

"आरं, शेजारचे?"

"शेजारी कोण राहतं ते मला माहीत नाही, बाबा."

"मंग आजपोत्तर तू कसा बघायचा?"

"एकटाच," मुलगा म्हणाला. अगदी सहज म्हणाला, डबा विसरलो म्हणावं तसं.

आक्कांचा भाकरी थापायचा आवाज थांबला. साडूंनी उपरणं काढून घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "भागायचं नाय." "काय?" "वीसनं भागायचं नाय. कशानंच भागायचं नाय. तिथं समदे तुझ्यासारखेच असतील, तर ज्याला त्याला आपापलं तिकीट काढावंच लागंल की. गेल्या खेपेच्या खपाच्या दीडपट सांग." "ऑफिसात तर सगळे कमीच म्हणतायत," तो म्हणाला, "पण तुमचं सांगून बघतो."

रविवारी सकाळी साडूंनी जन्मात पहिल्यांदा पैसे भरून मारामारी विकत घेतली आणि सगळी वस्ती बोलावली. आक्कांनी मिसळीचं पातेलं चढवलं. टीव्हीसमोर सतरंज्या, आणि पुढच्या रांगेत एका स्टुलावर तांब्याला टेकवून उभा केलेला फोन, त्यात मुलगा. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याशी बोलायचा. लग्नाचं काय केलंस, वाळलास किती, तिकडं मिसळ मिळती का. त्या बिचाऱ्याला लढत दिसत होती की नाही, देव जाणे. मधे सतत कोणाचं तरी डोकं यायचं. नेमका तर्रीचा वाडगा रांगेतून फिरायला लागला, आणि सगळ्यांची मान खाली असताना टकल्या आडवा झाला. संपलंसुद्धा! "एवढ्यासाठी पैसे?" एका म्हाताऱ्याने विचारलं. कोण जिंकलं यावर दोन मतं पडली. साडूंनी उपरण्याआडून विचारलं, "उठला का तो?" फोनमधला मुलगा मात्र इतका हसत होता की तांब्या हलला आणि फोन मिसळीत पडता पडता वाचला.

काही दिवसांनी सकाळी मी साडूंकडे चहा घेत होतो, तेव्हा मुलाचा फोन आला. "बाबा, तुमचा अंदाज बरोबर आला! दीडपटच! सगळे चुकले, तुम्ही एकटे बरोबर!" मी तर टाळीच वाजवली. दसऱ्याच्या झेंडूने इतकी वर्षं छळलेल्या या माणसाचा अंदाज अखेर बरोबर ठरला होता, तोही अमेरिकेत. पण साडूंचा चेहरा पडला. "खरंच का रं?" ते म्हणाले. "म्हंजी समदे एकटेच बघत व्हते." मग ज्या प्रश्नाला ते इतके घाबरायचे तोच त्यांनी आपणहून विचारला, "जेवलास का?"

"नाही अजून. गरम करतोय."

"मंग फोन ठिवू नको. म्होरं ठेव आन् जेव."

तिकडे रात्र होती. त्याने फोन कशाला तरी टेकवला आणि जेवायला बसला. इकडे साडू, आक्का आणि मी, तिघे चहाचे कप घेऊन त्याच्यासमोर बसलो. त्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठलं नाही. मला आधी फार अवघडल्यासारखं झालं, पण मग बरं वाटलं.

परवा मी साडूंना पुढच्या लढतीचा अंदाज विचारला. आक्का लाडवांचे दोन डबे बांधत होत्या, एक मुलाला आणि एक त्याच्या शेजाऱ्याला. दार वाजवून द्यायचा, अशी साडूंची सक्त ताकीद. "अंदाज काय सांगू?" डब्याला सुतळी आवळत ते म्हणाले. "खप पडला पायजे." खप पडला तर पोराच्याच कंपनीचं नुकसान, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मग सुतळीच्या गाठीवर बोट धरायला त्यांनी मला बोलावलं, आणि मी ते धरलं.