टिंग वाजलं तरच हजर

सकाळी दहा वाजता. हिंगोली शहराबाहेरचं मैदान, गेट क्रमांक दोन. शेती आणि प्रक्रिया उद्योग प्रदर्शनाचा पहिला दिवस.

अठ्ठावीस वर्षं मी या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. वहीच्या पुढच्या पानांवर बातमी लिहितो आणि जे बातमीत बसत नाही ते मागच्या पानावरून उलटं लिहीत येतो. एरवी मागची पानं भरायला वर्ष लागतं. या प्रदर्शनात तीनच दिवसांत ती इतकी साचली की पुढच्या पानांना येऊन भिडली! ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसलो होतो. पण मला या सगळ्यातून एक जबाब हवा आहे, आणि तो मिळेपर्यंत मी ही वही मिटणार नाही.

तर, गेट क्रमांक दोन. टेबलामागे वाघमारे सर. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. निवडणूक आली की सर, जनगणना आली की सर, आता प्रदर्शन आलं तर बॅज स्कॅन करायलाही सरच! प्रत्येकाच्या गळ्यात बॅज, बॅजवर चौकोनी कोड, सरांच्या हातात आयोजकांनी दिलेला फोन. फोन कोडवर धरायचा, टिंग वाजलं की माणूस आत. जाताना पुन्हा टिंग, माणूस बाहेर. असे चार फोन होते आणि चारही सही करून सरांच्याच ताब्यात दिलेले.

काम सोपं होतं. पण सरांची सवय तीस वर्षांची. ते आधी बॅजवरचं नाव मोठ्यानं पुकारायचे आणि समोरून उत्तर आल्याशिवाय फोन पुढे करायचेच नाहीत.

"गंगाधर विठ्ठल शिंदे!"

"हाव, मीच."

"हाव नाही. हजर म्हणा."

"हजर, सर!"

टिंग.

पन्नाशीची माणसं रांगेत हात बांधून उभी राहायला लागली. एक बियाणे कंपनीवाला तर "येस सर" म्हणाला आणि सरांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं! अर्ध्या तासात रांग रस्त्यावर गेली. तेव्हा आयोजक कंपनीचे निनादसर धावत आले. पुण्याहून आलेले, कानात यंत्र, हातात टॅब्लेट.

"सर, नावं पुकारू नका. मशीन ओळखतं सगळ्यांना."

वाघमारे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मशीन कोड ओळखतं. माणसाला कोण ओळखणार?"

* * *

त्याच दिवशी दुपारी कळमनुरीकडचे एक आजोबा आले. बॅज गळ्यात घालायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यांनी तो जपून कोपरीच्या खिशात ठेवला. चुन्याच्या डबीशेजारी! डबी सांडली आणि कोड पांढरा झाला.

सरांनी रुमालानं पुसला, थुंकी लावून पुसला. टिंग वाजेना.

"मास्तर, मी तुमाला दिसून राहिलो का न्हाई?"

"दिसताय की."

"मंग जाऊ द्या ना आत."

"मला दिसून काय उपयोग, बाबा? मशीनला दिसायला पाहिजे."

आजोबांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, खाली वाकले आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर आपला चेहराच नेऊन धरला.

"घे रे बाबा, आता तरी पाह्य!"

* * *

औंढ्याकडचे सोपानराव आपला लालकंधारी वळू घेऊन आले होते. एका हातात कासरा, डोक्यावर पेंडीचं पोतं. बॅज कुठं अडकवायचा? अडकवला वळूच्या गळ्यात.

पाण्याचा हौद गेटबाहेर. वळूला तहान लागली की सोपानरावांचा पुतण्या त्याला बाहेर न्यायचा, पाणी पाजून परत आणायचा. गेटवर सरांच्या मदतीला असलेल्या माणसाला सांगितलेलं, बॅज दिसला की स्कॅन करायचा. त्यानं केला. बाहेर जाताना टिंग, आत येताना टिंग.

संध्याकाळी स्टेजवरून घोषणा झाली. दिवसभरात सर्वाधिक वेळा प्रदर्शनाला भेट देणाऱ्या जागरूक शेतकऱ्याचा सत्कार! टाळ्या वाजल्या. सोपानराव गोंधळून स्टेजवर गेले, शाल घेतली, नारळ घेतला, मग माइकवाल्याच्या कानात काहीतरी सांगायला गेले आणि माइक चालूच राहिला.

"सायेब, मी एकडावच आलो. बाकीच्या टायमाला सरदार होता."

"मग सरदाररावांनाही स्टेजवर बोलवा ना!"

"त्यो पायऱ्या चढत न्हाई."

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा. लपवत नाही, कारण पुढे तो माझ्याच तोंडावर मारला गेला.

इतक्या वर्षांत मी गळ्यात पट्टा घातलेला नाही. त्या दिवशीही घालणार नाही म्हणालो. निनादसर म्हणाले, बॅज नसेल तर आत प्रवेश नाही. मी म्हणालो, ठीक आहे, मग आत काय चाललंय ते बाहेरूनच लिहितो! आणि गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो.

आमचा फोटोग्राफर फारुक शांत माणूस. "कायकू झगडते भाऊ?" म्हणाला आणि टेबलावरचा माझा बॅज उचलून स्वतःच्या बॅजवरच अडकवून आत गेला.

माझा दुसरा चहा संपत होता तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. 'माध्यमांची विश्वासार्हता या सत्रास आपण पूर्णवेळ उपस्थित राहिलात, त्याबद्दल आभार!'

फारुकला विचारलं, "अरे, सत्र कसं झालं?"

"पता नहीं भाऊ. मैं तो स्टॉल पे हल्दी का दूध पी रहा था."

संध्याकाळी मी रीतसर बॅज घेतला. सत्राला न जाता, नुसत्या गेटवरच्या टिंगवर हजेरी लागत असेल तर आत जाऊन बघितलंच पाहिजे, असं मला वाटलं.

* * *

ते हळदीचं दूध स्टॉल चाळीसवरचं. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या दहा बायकांचा बचत गट. सुनीताबाई राठोड त्याच्या अध्यक्ष. हळद शिजवण्यापासून दळण्यापर्यंत सगळं तांड्यावरच करतात. स्टोव्हवर दुधाचं पातेलं, समोर पुड्या, मागे पोती. मसाल्याच्या एका मोठ्या खरेदीदारानं दुसऱ्या दिवशी त्यांची हळद हातावर चोळून बघितली, दोनदा वास घेतला आणि म्हणाला, "बैठकीला या. तिथं पक्कं बोलू."

बैठक म्हणजे प्रदर्शनानंतरची खरेदीदारांची बैठक. तिला बारा गट निवडले जाणार होते. अट एकच, गटाचा माणूस तिन्ही दिवस हजर पाहिजे. सुनीताबाईंनी लगेच तांड्यावर फोन करून सांगितलं, "बायांनो, हळद दुसऱ्या कुणाला देऊ नका!"

शेजारचा स्टॉल एक्केचाळीस मात्र तिन्ही दिवस रिकामा. वर गटाचं नाव होतं, खाली माणूस नव्हता. खिळ्याला त्यांच्या बॅजचं पाकीट लटकत होतं, न फोडलेलं. आम्ही बातमीदार तिथंच बसून डबे खायचो.

तिसऱ्या दिवशी चार वाजता निवडलेल्या गटांची यादी लागली. सुनीताबाई बोट ठेवून वरून खाली आल्या, मग खालून वर गेल्या.

"दादा, हितं आमचं नाव न्हाई."

निनादसरांनी टॅब्लेट बघितला. "पहिल्या दिवशी हजर. काल गैरहजर. आज गैरहजर."

"आवो, मी तुमच्या म्होरं उभी हाय की! काल तुमीच आमच्या स्टॉलवर दूध पिऊन गेलात. दोन गिलास!"

"ताई, दूध प्यायलो. चांगलं होतं. पण सिस्टीममध्ये स्कॅन नाही."

का नाही, ते मी शोधून काढलं. सेनगावहून तांड्याकडे जाणारी शेवटची जीप सहाची. प्रदर्शन बंद व्हायचं आठला. त्यामुळे सुनीताबाई घरी गेल्याच नव्हत्या! पहिल्या दिवशी गेटमधून आत आल्या त्या पोत्यांपाशीच मुक्कामाला राहिल्या. गेटबाहेर पाऊल टाकलं नाही, म्हणून पुन्हा आत येणं नाही, म्हणून टिंग नाही. रोज जाऊन-येऊन करणारे सगळे हजर. आणि जी बाई जागची हललीच नाही, ती गैरहजर!

मी हे निनादसरांना सांगितलं तर त्यांनी माझीच नोंद काढून दाखवली.

"काका, तुम्ही सत्राला नव्हता तरी तुमची हजेरी लागलीय. हेही छापणार का?"

"छापणार," मी म्हटलं.

छापलं. बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापलं. संपादकांनी फोन करून विचारलं, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" यादी मात्र बदलली नाही.

* * *

प्रदर्शन सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी आम्ही चौघे आयोजकांच्या कार्यालयात गेलो. बसस्थानकाजवळ एका दुकानावरच्या दोन खोल्या. मी, फारुक, सुनीताबाई आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले वाघमारे सर.

फारुकनं तिन्ही दिवसांचे फोटो टेबलावर मांडले. सगळ्यांत सुनीताबाई, सगळ्यांवर वेळ.

"फोटो म्हणजे स्कॅन नाही," निनादसर म्हणाले.

मग सरांनी पिशवीतून वही काढली. तेव्हा मला कळलं की सर रोज चहाच्या सुट्टीत स्टॉलवर फिरून शाळेसारखी हजेरी घेत होते! कोणी सांगितलं नव्हतं. सवय. लाल शाईत लिहिलेलं, स्टॉल चाळीस, सुनीता राठोड, हजर, हजर, हजर. स्टॉल एक्केचाळीस, गैरहजर, गैरहजर, गैरहजर.

"कागदी नोंद आम्ही धरत नाही, सर. आमची सिस्टीम चूक करत नाही."

सुनीताबाईंनी पदराखालून बॅज काढला आणि टेबलावर ठेवला.

"मंग मशीनलाच इचारा. करा स्कॅन."

"आता करून काय उपयोग, ताई?"

"करा तर खरं. दोन गिलास दूध पेलात."

निनादसरांनी कंटाळून स्वतःचा फोन धरला. टिंग वाजलं. ते काही वाचेनात, म्हणून वाघमारे सरांनी मान वाकवून, शाळेत पुकारतात तसं मोठ्यानं वाचलं.

"सुनीता राठोड. सद्यस्थिती, मैदानात उपस्थित!"

शेवटच्या दिवशी सुनीताबाई पोत्यांबरोबर टेम्पोत बसून मागच्या गेटनं गेल्या होत्या. तिथं स्कॅन करायला कोणी नव्हतं. मशीनच्या हिशेबानं त्या बारा दिवस मैदानातच होत्या. त्या मैदानावरचे मांडव कधीच निघाले होते, येताना आम्ही तिथं क्रिकेट चाललेलं पाहिलं होतं.

"बारा दिस झाले, अजून मी तितंच हाय म्हणून राहिलं तुमचं मशीन," सुनीताबाई म्हणाल्या. "मंग मधले दोन दिवस मी कुठं गेल्ते?"

फारुक म्हणाला, "साब, पहले इनको घर तो जाने दो!"

निनादसरही हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मला पटतंय हो. पण यादी फायनल आहे. बारा जागा, बारा गट, सगळ्यांची तीन दिवसांची नोंद पक्की. मी कुणाला काढू?"

"नोंद पक्की आहे ना? मग प्रिंट द्या," मी म्हटलं.

सिस्टीमचा इतका अभिमान असलेला माणूस नाही कसा म्हणणार? त्यांनी प्रिंट दिली. मी बाराव्या नावावर आलो. स्टॉल एक्केचाळीस. तिन्ही दिवस हजर. तिन्ही दिवस नऊ वाजून चार मिनिटांनी.

"गेट किती वाजता उघडायचं, सर?" मी वाघमारे सरांना विचारलं.

"दहा."

मी पिशवीतून ते खिळ्यावरचं पाकीट काढलं. मांडव सोडताना कामगार ते कचऱ्यात टाकत होते, मी मागून घेतलं होतं. अजूनही न फोडलेलं. निनादसरांच्या समोर फोडलं. आत स्टॉल एक्केचाळीसचा बॅज, कोरा करकरीत.

निनादसरांनी तो उलटा केला, सुलटा केला. "वरती विचारतो," म्हणाले. खरेदीदारांची बैठक येत्या सोमवारी आहे. त्यांनी तसं सांगितल्यापासून मी त्यांना रोज फोन करतोय. सुनीताबाई रोज मला करतात. दहा घरांतली हळद अजून पोत्यांतच आहे.

त्या दिवशी जिना उतरताना वाघमारे सर मधेच थांबले. प्रिंट माझ्या हातातून घेतली आणि तिच्यातल्या शेवटच्या रकान्यावर लाल पेन टेकवला. कोणता बॅज कोणत्या फोनवर स्कॅन झाला, त्याचा तो रकाना. पान उलटून सगळा तपासला. सगळीकडे एक, दोन, तीन, चार.

फक्त स्टॉल एक्केचाळीसपुढे, तिन्ही दिवस, फोन क्रमांक पाच.

सरांनी सही करून चार फोन घेतले होते. चारच परत दिले. त्या चारांपलीकडचं एक टिंग आम्ही नुकतंच वर, निनादसरांच्या फोनवर ऐकलं होतं.