वधूवर मंडळाचा सर्व्हर

“विंडोजच टाका. आमच्या ऑफिसात सगळ्यांना तेच येतं,” भाऊंनी निकाल देऊन टाकला.

भाऊ म्हणजे रत्नागिरीतल्या एका वधूवर सूचक मंडळाचे अध्यक्ष. शेजारी कार्यवाह सुलभाताई, निवृत्त शिक्षिका. आणि मी, लोकांचे सर्व्हर सांभाळून पोट भरणारा. गेल्या वर्षी मेळाव्याची नोंदणी उघडली आणि दहा मिनिटांत वेबसाइट आडवी झाली. ती शेअर्ड होस्टिंगवर होती, म्हणजे दहा बिऱ्हाडांत एक नळ. यंदा मंडळाने डेडिकेटेड सर्व्हर घेतला होता, म्हणजे स्वतःची विहीर. पण भाऊंनी बजावलं होतं, या रविवारी पुन्हा बोजवारा उडाला तर वेबसाइट बंद, परत छापील फॉर्म. वेबसाइट सुलभाताईंनी हट्टाने उभी केलेली.

“भाऊ, सर्व्हर मुंबईला डेटा सेंटरमध्ये. त्याच्यासमोर कोणी बसत नाही,” मी म्हटलं. “तुमची साइट पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेली. तिला विंडोजपेक्षा लिनक्स चांगलं मानवतं. तुम्हाला ऑफिसात काही फरक दिसायचा नाही.”

भाऊंनी होकारार्थी मान डोलावली. मला चेव आला. “लिनक्सचंही अगदी नवंकोरं व्हर्जन टाकू. गेल्याच आठवड्यात आलंय!”

सुलभाताईंनी चष्मा वर सरकवला. आयुष्यभर स्थळं पारखलेली बाई. “किती टिकेल रे ते?”

“सिक्युरिटी अपडेट नऊ महिने. म्हणजे सिस्टिममध्ये चोरवाट सापडली की बनवणारे ती बुजवून देतात, तेवढे दिवस.”

“आणि मग?”

“मग पुढचं व्हर्जन चढवायचं.”

“म्हणजे ऐन पुढच्या मेळाव्याच्या तोंडावर? मेल्या, देखणं आहे म्हणून काय गळ्यात बांधून घेऊ? जरा जुनं, पण घर धरून राहणारं काही नाही?”

होतं की! त्याला एलटीएस म्हणतात. थोडं जुनं, पण पुढली चार वर्षं अपडेटची हमी. मलाच ते बेचव वाटत होतं. खरं सांगायचं तर मला नवं खेळणं हवं होतं, तेही त्यांच्या सर्व्हरवर. लाज वाटली. निमूटपणे एलटीएस टाकलं.

रविवारी दहाला नोंदणी उघडली. सव्वादहाला सुलभाताईंचा फोन. आवाज रडवेला. “अरे, बंद पडलं रे! एकाचाही फोन नाही. गेल्या वर्षी एव्हाना दोन्ही फोन कोकलत होते!”

घाईघाईने लॉगिन केलं. सर्व्हर अगदी निवांत. फॉर्म धडाधड येत होते. जयगडहून, बोरिवलीहून, एक तर दुबईहून. कोणाचं काही अडतच नव्हतं, तर फोन करतील कशाला?

“ताई, आलेल्या फॉर्मांचं पेज रिफ्रेश करा.”

पलीकडून माउसची टकटक. मग “अगो बाई, केवढे हे!” आणि त्या हसतच सुटल्या. मलाही इतका आनंद झाला की मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या.

आमच्या धंद्यात काम चोख झालं की फोन वाजत नाही. फक्त हे गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवावं.