डॅश डॅश पाठवा

धड चाललेला प्रोग्रॅम कोणाच्या लक्षात राहत नाही. अडलेल्याचे मात्र किस्से निघतात, आणि आमच्याकडे ते डब्यासोबत रोजच निघायचे!

हिंगण्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरवाल्या आम्ही दोघीच. मी नवखी, वर्षाताई जुन्या. ताईंनी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक स्क्रिप्ट लिहिली होती. कमांड टाकून पुढे डॅश देऊन पर्याय जोडले, की कंपनीच्या बसची वेळ कामगारांच्या मोबाईलवर जायची. मला जे येतं ते या स्क्रिप्टनं आणि ताईंनी शिकवलं.

*

पहिल्याच आठवड्यात स्क्रिप्ट म्हणे, हा पर्याय मी ओळखत नाही. कमांड मी वर्डमध्ये जपून ठेवलेली, तिथूनच कॉपी केलेली. अर्धा दिवस गेला. ताईंनी स्क्रीनला नाक लावलं.

"दोन डॅश होते, एकच लांब कसा झाला? वर्डनं लग्न लावून टाकलं वं दोघांचं!"

*

साहेबांनी कुही गावच्या कामगारांची यादी पाठवली. फाईलचं नाव, 'कुही नवीन अंतिम खरंच अंतिम'. स्क्रिप्टनं 'कुही' तेवढं घेतलं आणि बाकीचे शब्द कोण म्हणून विचारलं! ताईंनी नाव अवतरणचिन्हांत टाकलं.

"साहेबाले अंतिम कळत नाही, तं मशीनले काय कळन!"

*

हिंगण्यासाठी मी डॅश एच ठेवलं. स्क्रिप्ट सुरूच होईना. एच आधीच 'हेल्प'साठी राखीव!

ताई हसल्या. "बरोबरच हाये, हिंगणा म्हंजे हेल्पच. पोट तं हिंगणाच भरते आपलं."

*

एकदा चाचणी म्हणून मी लिहिलं, 'चाचणी. उद्या बस येणार नाही.' पुढे टाकलं, डॅश डॅश पाठवा फॉल्स. म्हणजे पाठवू नको.

मेसेज गेला की सगळ्यांना! पायथनला फॉल्स हा नुसता शब्द म्हणून मिळाला, आणि रिकामा नसलेला कुठलाही शब्द त्याला 'हो'च वाटतो. मी ताईंना हाक मारली. ताईंनी लगेच दुरुस्तीचा मेसेज सोडला आणि साहेबांना सांगितलं, "पोरीची चूक नाही. तो पर्याय मीच तसा लिहिला."

तरी कुहीच्या तुळशीराम काकांचा मोबाईल पहिल्या मेसेजनंतर बंद पडला. दुसऱ्या दिवशी ते थंडीत मोटरसायकल हाणत आले. मी गेटवर धावले, हात जोडले.

काका मफलर सोडत म्हणाले, "माफी काहून मागून राहिली वं पोरी? बस येत नाही तवा आम्ही नुसते उभेच राहतो. येणार नाही म्हणून आजवर कोणी सांगतलंच नव्हतं!"