आधी बटण, मग आवाज

गावात त्यांना तोंडावर 'फोटोवाले काका' म्हणत आणि पाठ वळली की 'हलूनका'. एकोणतीस वर्षं त्यांनी अख्खं गाव एका स्टुलावर बसवलं होतं. पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे, लग्न जुळवायचे, सगळे फोटो त्याच स्टुलावर. हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, आणि बटण दाबायच्या आधी खणखणीत आवाजात "हलू नका." त्या आवाजाला रडकी बाळंसुद्धा गप्प बसत, मोठ्यांची तर काय बिशाद.

असा हा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी रस्त्यावरचे फोटो काढायला निघाला, तेही परदेशात. याला कारण दातांचे डॉक्टर. गावातल्या फोटो क्लबाचे ते अध्यक्ष. फावल्या वेळात फोटो काढत, आणि त्यांच्या दवाखान्यात फावला वेळ भरपूर होता. क्लबाचं दरवर्षी 'रस्ता' नावाचं प्रदर्शन भरे. सलग तीन वर्षं काकांचा फोटो परत आला. तिसऱ्या वर्षी डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, फोटो स्वच्छ आहे. पण हा रस्त्यावर जाऊन काढलेला पासपोर्ट फोटो आहे. तुमचा भाजीवाला व्हिसाच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो."

सगळे हसले. काकाही हसले. घरी जेवताना मात्र म्हणाले, "या वर्षी माझा फोटो त्या भिंतीवर लागणार."

"लागू दे की," काकू म्हणाल्या. "कुठला?"

"अजून काढायचाय. इथे जमायचं नाही. इथे मी कॅमेरा काढला की गल्ली केस विंचरून उभी राहते."

काकू नुकत्याच पोस्टातून निवृत्त झाल्या होत्या. बारा दिवसांत तीन शहरं अशी सहल त्यांनी स्वतःसाठी ठरवली होती. काका आतापर्यंत नाही म्हणत होते. त्या रात्री पटकन हो म्हणाले.

पहिलं शहर बंदराचं. कोपऱ्यावर एक माणूस गुडघाभर बूट घालून मासे धूत होता. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, चौकट जमवली आणि गरजले, "हलू नका." भाषा कुणाला कळली नाही, आवाज कळला. मासेवाला ताठ, गिऱ्हाईक ताठ, पलीकडून सायकलवर चाललेली बाई ब्रेक मारून ताठ. चार दिवसांत दीडशे फोटो निघाले आणि एकूण एक फोटोत माणसं नाकासमोर बघत उभी.

दुसऱ्या शहरात त्यांनी तोंडात लिमलेटची गोळी धरून पाहिली. "हलू नका"चं "हहू हका" झालं. माणसं थबकली ती थबकलीच, वर काळजीने जवळ आली. एका आजीबाईंनी तर पाठीवर चांगल्या थापट्या मारून गोळी बाहेर काढली.

"पुरे झालं आता," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांना सांगा, कॅमेरा बिघडला."

"कॅमेऱ्याला धाड भरलेली नाही. मी बिघडलोय. आणि मी दुरुस्त झाल्याशिवाय घरी येत नाही." जरा वेळाने म्हणाले, "अगं, तो शब्द तोंडातून गेल्याशिवाय माझं बोटच खाली जात नाही."

काकूंनी विचार केला. "पोस्टाच्या खिडकीवर आम्ही आधी शिक्का मारायचो, मग बोलायचो. आधी बोलत बसलं की शिक्का राहून जायचा. तुम्ही आधी दाबा. मग काय बोंबलायचं ते बोंबला."

शब्द गिळायचा नाही, मागे सरकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत सराव सुरू झाला. काकू कपड्यांच्या घड्या घालत, काका फोटो काढत. पहिल्या पन्नासांत शब्द पुढे. मग बटण आणि शब्द एकदम. काकूंनी त्याच सहा कपड्यांच्या घड्या अकरा वेळा मोडून घातल्या. "अहो, शहर बघायला आलोय ना आपण?" असं त्या दोनदाच म्हणाल्या. दुपारी बाराच्या सुमाराला पहिल्यांदा आधी बटण वाजलं, मग आवाज. काकांनी आणखी शंभर काढले. एकदा जमणं म्हणजे जमणं नव्हे, हे त्यांना स्टुलाने शिकवलं होतं.

तिसरं शहर उताराचं. अकराव्या दिवशी एका अरुंद गल्लीतून दोन कामगार भलीमोठी काच उभी धरून उतरत होते. पुढच्याच्या नाकाला खाज सुटली. दोन्ही हात काचेला. त्याने नाक वाकडंतिकडं करून पाहिलं, ओठ वर करून फुंकर मारली, काही उपयोग नाही. मागचा काचेआडून खो खो हसत होता. तेवढ्यात पायऱ्या झाडणाऱ्या बाईने झाडू बगलेत धरला आणि पुढे होऊन, जणू रोजचंच काम, त्याचं नाक खाजवलं.

काकांच्या घशात शब्द आला. त्यांनी बटण दाबलं. मग गल्ली दणाणली, "हलू नका."

तिघंही दगड. बाईचं बोट नाकावर तसंच. काका लाजले, त्यांच्या समाधानासाठी आणखी एक फोटो काढला आणि हात जोडून त्यांना वाट करून दिली. काकू पायरीवर बसून पोट धरून हसत होत्या. "आला का?" त्यांनी विचारलं. काकांनी कॅमेऱ्याचा पडदा बघितला आणि मान डोलावली.

गावी, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये डॉक्टरांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला.

"तिरका आलाय."

"गल्लीच तिरकी आहे."

"मागच्याची टोपी कापली गेलीय."

"तो काही थांबला नव्हता, डॉक्टर."

"हं. निवड समितीला दाखवावा लागेल."

"दाखवा. मी इथेच आहे," काका म्हणाले आणि खिशातून खिळा काढून हातात धरून उभे राहिले.

समिती म्हणजे डॉक्टर, औषधाचे दुकानदार आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. दुकानदारांनी चष्मा पुसला आणि डॉक्टरांकडे बघितलं. बाई फोटोसमोर गेल्या, जरा वाकल्या आणि बघता बघता स्वतःचंच नाक खाजवू लागल्या.

डॉक्टरांनी ते पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि टेबलावरची हातोडी काकांच्या हातात दिली.