वडनेरच्या गोठ्यातली गाडी

आमच्या गाडीच्या इंजिनावर चहाच्या कपाएवढं एक काळं झाकण होतं. डिस्ट्रिब्युटरचं. त्यातून निघालेल्या जाड वायरी प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवायच्या. त्या झाकणाला केसाएवढा तडा गेला आणि बाबांची बुलढाणा ते धाड फेरी बंद पडली.

गाडी विलायती होती आणि वयाने माझ्यापेक्षा मोठी. तिचे सुटे भाग तिकडून येणं कधीच थांबलं होतं. बाबाच ती चालवत आणि बाबाच दुरुस्त करत. धाडच्या बाजाराला जाणारी माणसं, त्यांच्या वांग्या-मिरच्यांच्या टोपल्या, क्वचित एखादी शेळी, असा सगळा भार तिने वर्षानुवर्षं ओढला होता. बाबांनी तडा लाखेने बुजवून पाहिला. इंजिन तापलं की लाख पातळ व्हायची आणि गाडी खोकत खोकत भर रस्त्यात उभी राहायची. मग ते अकोल्याला गेले, नागपूरच्या जुन्या बाजारात फिरून आले. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं झाकण आणून कानस मारून बसवायचाही प्रयत्न झाला. ते बसलं नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं, खामगावहून कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जायचं आणि गाडी भंगारात घालायची. बाबा सदा बाहेर राहणार म्हटल्यावर माझी रवानगी पुन्हा नागपूरला, आत्याकडे होणार होती. हे मला कोणी सांगितलं नाही, पण आईने माझी ट्रंक माळ्यावर टाकायचं लांबवलं होतं.

मी नुकतीच घरी आले होते. आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, मॅट्रिक झाले आणि परतले. मी आता इंग्रजी बोलेन अशी घरच्यांची अपेक्षा होती. मी मराठीही फारसं बोलत नव्हते. बघणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं, अजूनही. बाबा बॉनेट उघडून उभे असले की मी पान्यांची पिशवी धरून शेजारी उभी राहायचे. कोणत्या बोल्टला कोणता पाना लागतो, हे त्यांना मागावं लागेनासं झालं होतं.

तसलीच दुसरी गाडी जिल्ह्यात कुठे आहे ते आम्हाला माहीत होतं. वडनेर भोलजीला, आईच्या माहेरी. आईच्या चुलतघरातल्या एक वहिनी होत्या, मी त्यांना मामी म्हणायचे. मामा वारले तेव्हापासून गाडी त्यांच्या गोठ्यात उभी होती. तिच्या नंबरच्या पाटीवर अजून दोन राज्यांपूर्वीची, जिल्हा दुसऱ्या प्रांतात होता तेव्हाची अक्षरं होती. दर दसऱ्याला मामी ती धुऊन पुसून हार घालत आणि एरवी कोणालाही तिच्याजवळ फिरकू देत नसत. त्याला कारणही होतं. पहिल्या वर्षी ‘जरा पाहतो’ म्हणून आलेल्या एका मिस्त्र्याने हॉर्न नेला, दुसऱ्याने काट्याचं मीटर. तिसऱ्याने काय नेलं ते अजून सापडायचं होतं.

बाबा एकदा जाऊन आले होते. गावचे जावई, त्यामुळे पाट मिळाला, पोहे मिळाले, दोनदा चहा मिळाला. गाडीचं नाव काढल्याबरोबर मामी म्हणाल्या, “जवाई म्हून दहा डाव या, जवाईबापू. मिस्त्री म्हून नोका येऊ.”

आईने बाबांसोबत पितळी डब्यात सीताफळं दिली होती. डबा परत आला तो ज्वारीच्या बिबड्यांनी, जाड पापडांनी भरून. गाडीचं झाकण मात्र मिळालं नाही.

“मी जाते,” मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “जाशीन. पन बोलशीन काय तथी?”

“लागेल तेवढं बोलेन.”

तरी ते सोबत आलेच. एसटीने नांदुऱ्यापर्यंत आणि तिथून वडनेर. माझ्या एका पिशवीत पाने होते, आणि तुलना करायला म्हणून आमचं तडकलेलं झाकण, फडक्यात बांधलेलं. दुसऱ्या हातात आईचा डबा. या वेळी त्यात रव्याचे लाडू होते.

मामींनी बाबांना ओसरीवर बसवलं आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“काय हाये वं त्याच्यात?”

“पाने.”

“माय वं! पोरीच्या जातीनं पाने आनले. इंग्रजी शाळेत गाड्या शिकवतेत काय आता?”

“नाही. बाबांचं बघून शिकले.”

“मंग बापासारखीच पाहाले आली असशीन. पाह्य. पन हात पिशवीत गेला तं मी पाह्यतच हाये.”

बाबा उठायला लागले. मामी न वळता म्हणाल्या, “बसा तुमी. चहा थंडा होऊन राह्यला.”

“वहिनी, मी नुसता तिथं उभा राहतो.”

“जवाई गोठ्यात उभे राह्यत नाईत आमच्याइकडे.”

बाबा बसले. त्यांना ओसरीवरून गाडीचं फक्त मागचं चाक दिसत होतं.

बॉनेटवर दसऱ्याचा हार वाळून तसाच होता. मी तो उचलून खुंटीला अडकवला, तेव्हा मामींनी मान हलवल्याचं मला दिसलं. आत धूळ होती, उंदरांनी वायरींची साल कुरतडली होती, पण झाकण जागेवर होतं. दोन चिमटे मागे ओढले आणि ते हातात आलं. मी ते पदराने पुसलं आणि दाराच्या उजेडात फिरवून पाहिलं. तडा नाही. मधला कोळशाचा ठिपका शाबूत. बाबा नागपूरभर शोधत होते ते माझ्या तळहातावर होतं.

“क्लिपा दोन असतात म्हना तिले!” ओसरीवरून बाबांचा आवाज आला.

“काढल्या!” मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी त्या घरात काय, आमच्या घरातही कधी बोलले नव्हते. मामी हसल्या.

“पाह्यलं न? ठेव आता जाग्यावर.”

मी ते हातातच ठेवलं. “मामी, आम्हाला हे हवं आहे.”

“आलं न तोंडावर! म्या जवाईले नाई देलं, तुले देईन? एकबी वस्तू जानार नाई तिच्यातून. जे गेलं ते गेलं.” त्या आत गेल्या आणि आमचा डबा घेऊन आल्या. लाडू काढून घेतले होते, त्यात मुगवड्या भरल्या होत्या. “हे घे. आन् बापाले सांग, पाहून झालं म्हून.”

भरलेला डबा घेऊन मी उभी राहिले. मी वाद घालू शकत नाही. पण मामी माझ्याकडे बघत नव्हत्या, हेही मला दिसत होतं. झाकण निघाल्यावर इंजिनात जी उघडी जागा राहिली होती, तिच्याकडे त्या बघत होत्या.

“मामी,” मी म्हणाले, “तुम्ही डबा रिकामा देत नाही. मीही गाडी रिकामी ठेवणार नाही.” आणि फडकं सोडून आमचं झाकण त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते घेतलं, लाखेवरून बोट फिरवलं. “फुटकं देते आन् साबूत नेते. लई शायनी हायेस वं.”

“तुमच्या गाडीला ते पुरतं. आमच्या गाडीला हे नसलं तर ती भंगारात जाईल. बाबा ट्रकवर जातील.”

“आन् तू?”

“नागपूरला.”

त्यांनी फुटकं झाकण परत माझ्या हातात दिलं. “लाव. पन बराबर लाव. वायरा त्याच्या जाग्यावर. उद्या कोनी बॉनेट उघडलं तं मायी गाडी पुरी दिसली पाह्यजे.”

मी एकेक वायर शाबूत झाकणातून काढली आणि त्याच क्रमाने फुटक्यात बसवली. ही घाईने करायची गोष्ट नाही. एक वायर चुकली की सगळं इंजिन उलटंपालटं होतं. त्या गाडीला आता चालायचं नव्हतं, तरी मी क्रम चुकवला नाही. मामी शेजारी उभ्या राहून मामांबद्दल बोलत होत्या. ते त्यांनी फक्त मला सांगितलं, म्हणून इथे लिहीत नाही. शेवटी चिमटे लावले, बॉनेट पाडलं आणि हार परत घातला.

बुलढाण्याला ते झाकण मीच बसवलं. बाबांनी हात पाठीमागे बांधले होते, जणू अजून ओसरीवरच आहेत. हँडल दुसऱ्यांदा मारलं तेव्हा इंजिन उठलं. बाबांनी कान देऊन थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “बाजार परवा हाये. चाकात हवा पाहून घे.” आईने ट्रंक माळ्यावर टाकली.

पुढे हे चालूच राहिलं. आमचा पेट्रोलचा पंप गेला, मी वडनेरला गेले. डाव्या दाराची कडी, मग रेडिएटर, मग मागच्या चाकाचा दांडा. तो काढायला माझ्याने होईना, तेव्हा मामींनी आपला सालदार गडी मदतीला दिला, पण बाबांना गोठ्यात येऊ दिलं नाही. दर वेळी आमची मेलेली वस्तू तिथे जाऊन बसायची आणि तिथली जिवंत वस्तू इकडे यायची. गोठ्यातली गाडी कायम पुरी दिसत होती. मामी अधूनमधून स्वतः बॉनेट उघडून बघत, कारण आत काय असायला हवं ते त्यांना आता पाठ झालं होतं.

मागच्या दसऱ्याला आम्ही गाडी घेऊन वडनेरला गेलो. एसटीने नाही. गाडी मामींच्या अंगणात शिरली, बाबांनी इंजिन बंद केलं नाही. मामी आरतीचं ताट घेऊन निघाल्या त्या गोठ्याकडे, आणि अर्ध्यात थांबल्या. आमच्या गाडीचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या. मग वळल्या. बॉनेटला कुंकू लावलं, झेंडूचा मोठा हार आमच्या गाडीला घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं.

“वहिनी,” बाबा खिडकीतून म्हणाले, “तुमची गाडी राह्यली न.”

“हेच मायी,” मामी म्हणाल्या. “पंप माया, चाक मायं, दार मायं.” ताटातलं एक फूल उचलून त्या गोठ्यात गेल्या आणि तिथल्या बॉनेटवर ठेवून आल्या. “आन् ते तुमची. पाहुनी हाये, तिलेबी लागते.”

बाबांनी तेवढ्यात संधी साधली. “मंग वहिनी, पाहुनीले एक डाव पाहून घेऊ काय? आमचीच हाये तं.”

“बसा,” मामी म्हणाल्या, “चहा टाकला हाये.” मग माझ्याकडे पाहून, “तू ये वं. पाने आनले न?”