दसऱ्यानंतर फोडलेलं अंडं

झेंडूच्या अर्काची पुडी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळताना तो उग्र वास आला, की मला आमचं नांदगावचं जुनं घर आठवतं. तेव्हा आमच्या अंड्यांचा बलक फिका म्हणून ती विकत घेणाऱ्या मनमाडच्या ढाबेवाल्यानं बजावलं होतं, "दसऱ्यानंतर येतो, तेव्हाबी असाच असला तर राम राम." आई म्हणाली, "हिरवं खाल्लं की गाईचं लोणी पिवळं होतं, मग कोंबडीला फूल का नाय?" घटाच्या माळा ओवून उरलेला झेंडू वाळवून, कुटून ती रोज खाद्यात घालू लागली. पण नवरात्रात आमच्या घरी अंडं फोडत नाहीत, त्यामुळे आत काय चाललंय ते कळेना. आम्ही नुसतेच टरफलाकडे टक लावून बसायचो! दसरा सरला आणि आईनं पहिलं अंडं परातीत फोडलं. केशरी, अगदी झेंडूसारखं! "एखादं निघतं तसं," वडील म्हणाले, म्हणून दुसरं फोडलं, तेही केशरी! मग वडिलांचाच हात थांबेना, "अजून एक, अजून एक!" तेवढ्यात ढाबेवाला दारात हजर, आणि द्यायला एकही अंडं शिल्लक नाही! आईनं त्याच्यापुढं परातच धरली, "बसा, भुर्जी टाकते." आजही रंग बघायला मी एकच अंडं फोडायचं ठरवतो, आणि बायको आधीच कढई चढवून ठेवते.